डब्यातले अकरा

युरोपातल्या बाडहूव्हडॉर्पला लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेले मोरेश्वर पंधरा महिने झाले तरी तिथेच होते. विमानतळ खिडकीतून दिसायचा, म्हणजे बघा! पण एकवीस सालचा मे महिना, पुण्यात दुसरी लाट, आणि योगिनीचा हुकूम, "बाबा, दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही." दिवस म्हणजे सोफा, खिडकी, पुन्हा सोफा. काचेवर त्यांच्या नाकाचा ठसा इतका पक्का बसला होता, की योगिनीला तो खोबरेल लावून सोडवावा लागे.

अशात खालच्या मजल्यावरचा दुआर्ते पॉझिटिव्ह निघाला आणि दहा दिवस घरात कोंडला गेला. मोरेश्वरांना कोण आनंद! आपल्यासारखंच अडकलेलं माणूस, तेही हाकेच्या अंतरावर. हे वर गॅलरीत, तो खाली चतकोर अंगणात, आणि दोघांचं मोडकंतोडकं इंग्रजी मधल्या हवेत.

दुआर्ते पोर्तुगालचा, सार्डिन पकडणाऱ्या कोळ्याचा मुलगा. अठराव्या वर्षी फुटबॉलच्या मैदानाच्या डाव्या कडेनं असा सुटायचा, की त्याची सावली मागे राहून वाट विचारत यायची. तिशीच्या आत गुडघा गेला. मग तो प्रशिक्षक झाला, आणि बुडते क्लब वर काढण्यात त्याचा हातखंडा झाला. त्याचं सांगणं एवढंच, चेंडू पायाशी नसतो तेव्हा काय करतो यावरून खेळाडू ओळखावा. युरोपातले निम्मे प्रशिक्षक हे वाक्य आज स्वतःचं म्हणून खपवतात, असं तो सांगे. मोरेश्वरांनी रोजच्या व्हिडिओ-कट्ट्यावर त्या 'निम्मे'चं 'पाऊण' केलं, तर कुणाचं काय गेलं?

पण आता दुआर्ते एकसष्ट वर्षांचा होता, आणि त्याचा इथला क्लब खालच्या श्रेणीत घसरायच्या बेतात होता. उरले होते दोन सामने, दोन्ही एकाच संघाशी. दोन्हींतले गोल मिळून मागे पडला की नोकरी गेली, आणि या वयात पुन्हा कोण बोलावणार? ते दोन सामने तो झोपायच्या खोलीतून, फोनवर लढवणार होता.

योगिनी घरगुती डबे पुरवायची. एक डबा दोरीनं खाली जाऊ लागला. पहिल्या दिवशी तो घासूनपुसून, रिकामा वर आला.

मोरेश्वर गॅलरीतून वाकले. "अहो, आमच्यात रिकामा डबा परत करत नाहीत! चिमूटभर साखर तरी घाला."

"साखर डॉक्टरनं बंद केलीय, मिस्टर मोरेश्वर."

दुसऱ्या दिवशी डब्यात चिठ्ठी आली. गुरुवारी खेळणारी अकरा नावं, प्रत्येक नावाला धावायच्या दिशेचा बाण. खाली लिहिलं होतं, 'घरात गोड एवढंच आहे.'

संध्याकाळी पाचला व्हिडिओवर मराठी कट्टा भरायचा. एनस्खेडेची पूर्णिमा, ब्रेडाचा जयेश, आणखी चार चौकोन. मोरेश्वरकाकांच्या थापा हीच तिथली करमणूक.

"काका, तुमचा तो कोच खरा तरी आहे का हो?" पूर्णिमानं डिवचलं.

"खरा? हा घे पुरावा!" म्हणत मोरेश्वरांनी चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरली.

जयेशनं गंमत म्हणून स्क्रीनचा फोटो काढला आणि गोदामातल्या आपल्या साहेबाला दाखवला. साहेबाचा मेहुणा नेमका समोरच्या संघाचा प्रशिक्षक! गुरुवारी सामना झाला. दुआर्तेच्या पोरांनी जिथे धाव घ्यावी, तिथे बाणाच्या टोकाशी समोरचा गडी आधीच हजर. दोन शून्यनं हरले. कट्ट्यावर जयेश हसत हसत म्हणाला, "काका, तुमच्या चिठ्ठीचा फोटो मी आमच्या साहेबाला दाखवला होता, त्याच्या मेहुण्याची चांदी झाली."

मोरेश्वरांनी दुआर्तेला सांगावं तर बोलायला उरलेला एकुलता एक माणूस गमवायचा. न सांगावं तर रविवारी त्याचं उरलंसुरलं नाव बुडायचं. शुक्रवारचा दिवस त्यांनी गॅलरीच्या दाराला पाठ लावून काढला. शनिवारी सकाळी मात्र बाहेर आले आणि सगळं ओकून टाकलं.

दुआर्ते गॅलरीच्या अगदी खाली येऊन उभा राहिला.

"तुम्ही दाखवलीत? सगळ्यांना?"

"फुशारकी मारायला. दुसरं काय आहे माझ्याकडे इथं?"

दुआर्ते आत गेला. दार धाडकन लागलं. तासाभरानं दोरी हलली. डब्यात नवी चिठ्ठी होती, अकरा नावांची.

"ही दाखवा," खालून आवाज आला.

"ही खोटी आहे?"

"साफ खोटी."

जन्मभर थापा मारलेला हा माणूस, पण त्या संध्याकाळी त्यांनी चिठ्ठी आधी उलटी धरली, मग सुलटी. आजवर थापांनी कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

"काका, बरे आहात ना?" जयेशनं विचारलं. मनापासून विचारलं.

"वय झालं रे," मोरेश्वर म्हणाले आणि चिठ्ठी कॅमेऱ्याच्या आणखी जवळ नेली. जयेशनं तिचाही फोटो साहेबाला पोचवला.

रविवारी समोरचा संघ त्या चिठ्ठीवर विसंबून डावीकडे दबा धरून बसला, आणि दुआर्तेचे उजवीकडून सुटले. तीन शून्य, म्हणजे दोन्हींत मिळून तीन-दोन! खालून थाळी बडवल्याचा आवाज आला. क्लब वाचला. दुआर्तेला आणखी दोन वर्षांचा करार मिळाला.

मंगळवारी त्याचे दहा दिवस भरले. फाटकाशी थांबून त्यानं टोपी काढली, गॅलरीकडे बघून वाकला आणि सायकलवर टांग मारून निघून गेला. मोरेश्वरांनी तो वळणाआड जाईपर्यंत हात हलवला.

पाचला कट्टा भरला. जयेशचा चौकोन नव्हता. खोटी चिठ्ठी दिली म्हणून साहेबानं त्याला सगळ्यांदेखत झापलं म्हणे, आणि महिनाभर शनिवार-रविवारचं काम त्याच्याच माथी मारलं.

मोरेश्वरांनी त्याला फोन लावला. वाजत राहिला. खिडकीपर्यंत जाऊन आले आणि पुन्हा लावला.