जांभळावरचा मयत

अठ्ठेचाळीस सालच्या पौषात मी मेलो. ते मरण मला चांगलं मानवलं, कारण त्यानंतर मी कधी आजारी पडलो नाही. ज्याला पटत नसेल त्यानं पूर्णेच्या काठावरचं ते जांभळाचं झाड पाहून यावं. झाड आता सिद्धेश्वरच्या धरणात गेलं, पण पाणी आहे. पाणी पाहावं.

तसा खरा मयत मी नव्हतोच. खरा मयत दिल्लीला होता. गांधीबाबाला गोळी घातली ही खबर आमच्या गावात वसरामनं आणली. वसराम म्हणजे गावाखालच्या तांड्यावरचा माणूस. त्याच्या आज्यानं बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घातलेला, आणि हा स्वतः वाशीमच्या बाजाराला जाऊन यायचा. वाशीम तिकडे स्वराज्यात, आम्ही इकडे निजामाच्या राज्यात. त्यानं पारावर येऊन फेटा काढला, दोन वाक्यं बोलला आणि खाली बसला. त्या दिवशी गावात चूल पेटली नाही. कोणीतरी न्हाव्याला हाक मारली. कोणी मारली ते कळलं नाही, पण दिवस मावळेपर्यंत गावातल्या सगळ्या बाप्यांनी डोकी करून घेतली. बाप मेल्यावर डोकं करायचं असतं एवढंच जो तो जाणत होता. पुढचा विचार कोणी केला नाही.

पुढचा विचार दुसऱ्या दिवशी आला, की ठाण्यानं विचारलं डोकी कोणासाठी केली तर काय सांगायचं, आणि सगळ्यांची पाचावर धारण बसली.

ते दिवसच वाईट होते. पारावर दोघं बोलत बसलेले असावेत, तिसरा आला की बोलणं बैलाच्या खुरांवर यायचं. तिसऱ्यालाही वाटायचं, हे बैलांचं बोलत नव्हते. रझाकार गावोगाव फिरत होते. प्रत्येक गावात ठाण्याचा एक कान असतो असं सगळे म्हणायचे, आणि म्हणता म्हणता समोरच्याच्या कानाकडे पाहायचे.

त्यात माझा भाचा संतराम. माझी बहीण आशाबाई, तिचं हे एकुलतं लेकरू. मागच्या पावसाळ्यात त्यानं पारावरच्या लिंबाला तिरंगा बांधला होता. जमादारानं त्याला ठाण्यावर नेऊन बजावलं, पुन्हा चार माणसं गोळा केलीस तर थेट परभणीचा तुरुंग. आणि आता हाच संतराम म्हणून राहिला की गांधीबाबाचा दहावा नदीवर करायचा. साऱ्या गावानं.

"तुरुंगात गेलेलं माणूस परत येतं का रे?" आशाबाई त्याला म्हणाली. "करायचं असंल तर घरात कर. दार लावून."

"बापाचा दहावा दार लावून करतेत का, माय?"

आशाबाईनं चुलीतली राख उकरली. मग म्हणाली, "गावात कोणीतरी मेलेलं पाहिजे. मंग नदीवर काहून गेले म्हणून कोणी विचारणार न्हाई."

"कोण मरंल?" संतरामनं विचारलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझी बायको वारून वर्षं झालेली, मूल नाही, म्हणजे कुंकू पुसायला कोणी नाही. आशाबाई म्हणाली, "हा तसाबी कोणाच्या कामाचा न्हाई."

मी म्हटलं, "मरतो. पण मला वाघानं खाल्लं म्हणून सांगा."

"हगवणीनं गेला म्हणून सांगू," आशाबाई म्हणाली. "जास्ती कोणी खोदून विचारणार न्हाई."

भाच्याच्या जिवापुढं मी वाघ सोडून दिला.

गाव विश्वासात घेतलं, तांडा घेतला नाही. त्याला कारण वसराम. खबर आली त्याच आठवड्यात, जवळा गावच्या बाजारात संतरामनं त्याला पाहिलं होतं, ठाण्याच्या शिपायाबरोबर एका बाकड्यावर चहा पिताना. "बशी भरून चहा पाजला त्यानं ह्याला," संतराम सांगत होता. "शिपाई फुकट चहा पाजतो कुठं?" झालं. त्या दिवसापासून वसराम गावात आला की बायका लेकरांना आत बोलवायच्या. पारावर त्याला बसायला जागा व्हायची, पण फार मोठी व्हायची. सगळे उठूनच जायचे. गावातल्या थोरल्या गोजरबाई तेवढ्या म्हणायच्या, "अरे, कान शोधू शोधू तुमचेच कान लांब होतील." पण म्हातारीचं ऐकतं कोण.

मला सांगितलेलं होतं, कडब्याच्या गंजीमागं लपून बैस, तेरावा होईपर्यंत तोंड दाखवू नको. आता मला सांगा, स्वतःचा दहावा पाहायला कोणाला आवडणार नाही? आणि दुसरं म्हणजे, मलाही त्या म्हाताऱ्याला हात जोडायचे होते. गाव यायच्या आधी मी नदीवर गेलो आणि जांभळावर चढून बसलो. जांभूळ असं गच्च, की त्याच्या पानांत एकदा एक अख्खी वरात हरवली होती. ते पुन्हा कधी सांगेन.

गाव आलं. संतरामनं आंघोळ करून दगडावर पत्रावळ मांडली, भाताचा पिंड ठेवला, तीळ वाहिले. भटजीला बोलावलं नव्हतं. आणखी एक कान कशाला. आशाबाईनं लोकांना ऐकू जाईल असा हंबरडा फोडला, "भाऊ गेला गं माझा, माझी नवी दोरखंडं नेली अन् परत न आणता गेला!" खोट्या रडण्यात ती खरी दोरखंडं कशाला आणायची? पण वरून बोलता येईना.

मग सगळे मागं सरून हात जोडून उभे राहिले, कावळा पिंडाला शिवायची वाट पाहत. तेव्हा कोणी रडत नव्हतं, तरी डोळे ओले होते. ते माझ्यासाठी नव्हते हे मला वरूनही कळलं.

तेवढ्यात वाटेवर धूळ दिसली. घोड्यावर जमादार, मागं दोन शिपाई, आणि त्यांच्या मागं, पायी, वसराम.

खाली कोणी हललं नाही, पण सगळ्यांच्या माना एकमेकांकडे वळल्या आणि मग वसरामवर येऊन थांबल्या. संतराम दातओठ खात पुटपुटला, "आला, आपल्या मालकाला घेऊन."

"कौन मर गया?" जमादारानं घोड्यावरूनच विचारलं.

"माझा भाऊ, साहेब," आशाबाई म्हणाली. "रामकिशन. हगवणीनं गेला."

"वो गप्पी?" जमादार खाली उतरला. आमच्याच मुलखात त्याची नोकरी झालेली, आमचे सण, आमची सुतकं त्याला आमच्याइतकीच ठाऊक. तो एकेकाचा फेटा काढायला लावत रांगेतून फिरला. गुळगुळीत डोकं, पुन्हा गुळगुळीत डोकं. शेवटी संतरामपुढं उभा राहिला. "भाच्यानं डोकं केलं, बराबर. भावकीनं केलं, बराबर. पण आख्ख्या गावानं? तुमचा पाटील मेला तेव्हा इतकी डोकी झाली नव्हती."

"मामा लई मयाळू व्हता, साहेब."

"मयाळू? त्यानं मला सांगितलं होतं की माझ्या घोड्याचा बाप गाढव होता." तो वळला. "आणि हा किसनराव. ह्याचं तर रामकिशनशी बांधावरून हाडवैर. तू काहून केलंस डोकं?"

किसनराव माझा शेजारी. घाम पुसत म्हणाला, "मेल्यावर वैर कसलं, साहेब."

जमादारानं मागं पाहिलं. "आणि तू रे? तांड्यावरचा. तुझा कोण लागत होता?"

वसरामनं फेटा काढला. त्याचंही डोकं गुळगुळीत होतं. म्हणाला, "त्याच्या गप्पा ऐकणारा मी एकटाच राह्यलो होतो, साहेब."

जमादार दगडावर बसला. "ठीक. तुम्ही सगळे खोटं बोलता की खरं, ते आपण कावळ्याला विचारू. कावळा कोणाची नोकरी करत नाही. रामकिशनचा दहावा असेल तर शिवेल. दुसऱ्या कोणाचा असेल तर..." त्यानं संतरामकडे पाहिलं आणि शिपायाला म्हणाला, "दोर आहे ना बरोबर?"

आशाबाईचा आवाज बंद झाला. आता ती खरं रडत होती.

कावळे होते, पलीकडच्या पळसांवर पुष्कळ होते. पिंडाकडे पाहत होते, जांभळाकडे पाहत होते आणि जागचे हलत नव्हते. पिंड जांभळाखाली, आणि जांभळात मी. उतरावं तर मेलेला माणूस जिवंत दिसतो आणि संतराम तुरुंगात जातो. न उतरावं तर कावळा येत नाही आणि संतराम तुरुंगात जातो. असा पेच पडला की माझं डोकं चालत नाही, चिलमीशिवाय. मी चिलीम पेटवली.

खाली वचनं द्यायला सुरुवात झाली. "मामा, तुमची काळी शेळी विकणार न्हाई," संतराम म्हणाला. कावळा हलला नाही. "दोरखंडं माफ केली रे," आशाबाई म्हणाली. नाही. किसनराव पुढं आला, घसा साफ केला. "रामकिशन, बांधावरची ती बाभूळ... तुझीच हाय. तुझीच व्हती." मी वर इतका खूश झालो की फांदी करकरली.

जमादारानं मान वर केली. "झाडातून धूर काहून येऊन राहिला?"

मी चिलीम मुठीत दाबली. हात पोळला, पण धूर काही आत जाईना. शिपाई दोन पावलं पुढं आला. त्याच वेळी मी पाहिलं, वसराम माझ्याकडेच पाहत होता. पानांतून, सरळ माझ्या डोळ्यांत. मग तो जमादाराजवळ गेला, वाकला, कानाशी काहीतरी बोलला आणि बोट करून मला दाखवलं.

खाली संतरामनं डोळे मिटले. मी मनातल्या मनात वसरामच्या सात पिढ्या उद्धरल्या.

जमादार झटकन मागं सरला. शिपाईही. "अरे, मग आधी नाही का बोलायचं!"

"आत्ताच पाह्यलं, साहेब," वसराम मोठ्यानं म्हणाला. "आग्या मोहोळ हाय. आमच्या तांड्यावरच्या कोणीतरी मधासाठी फांदीवर धूर घालून ठिवला अन् तसाच टाकून गेला. माशा उठलेल्या हायत. म्हणून कावळा येईना. माणसाला सोडत न्हाईत, तर कावळ्याला काय सोडतील? घोड्याला मागं घ्या, साहेब. मागच्या साली एक बैल मेला चावून."

घोड्याचं नाव निघताच जमादारानं लगाम धरला. "पिंड तिकडे न्या," तो म्हणाला. "पळसाकडे."

संतरामला काही कळेना. वसराम त्याच्या कानाशी म्हणाला, "उचल की लवकर. तुझा मामा आता शिंकंल."

पत्रावळ पळसाजवळच्या खडकावर गेली. सगळे पुन्हा मागं सरले. कावळे मान तिरकी करून पाहत राहिले, पण उतरेना एकही. जमादार मिशीवरून हात फिरवत होता. दोर शिपायाच्या हातात आलेला होता.

तेव्हा गोजरबाई काठी टेकत पुढं आल्या. त्यांनी नाव कोणाचंच घेतलं नाही. म्हणाल्या, "बाबा, तुझ्यामागं आमी एकमेकाकडं चोरासारखं पाहून राह्यलो. आता न्हाई पाहणार. तांड्याच्या बायका उद्यापासून वरच्या घाटावर पाणी भरतील, आमच्या संगं. आता तरी शिव, बाबा."

वरचा घाट गावाचा. तांड्याला खालचा, जिथं आमचं धुतलेलं पाणी जायचं. पिढ्यान्‌पिढ्या तसंच होतं. माणसं गोजरबाईंकडे पाहतच राहिली. एक कावळा उतरला, दोन उड्या मारल्या आणि पिंडात चोच घातली.

तो वचनाला आला की भाताला आला, ते मी सांगू शकत नाही. मी बाकी सगळं सांगू शकतो.

जमादार उठला. "एवढं मोठं वचन," तो म्हणाला, "त्या गप्पीसाठी?" त्यानं शिपायाला दोर ठेवायला लावला. "कावळ्यानं साक्ष दिली, मी काय करू."

संतरामला राहवेना. "साहेब, एक सांगा. तुमाला इकडची खबर कोणी दिली?"

"खबर?" जमादार घोड्यावर बसत हसला. "जवळ्याच्या बाजारात तुमच्या गावाचे सगळे फेटे डोळ्यांवर घसरत होते. जो मीठ घेई तो एका हातानं फेटा धरी. डोक्यावर केस नसले की फेटा बसत नाही. आज तुमच्याच वाटेला निघालो, तर पुढं हा तांड्यावरचा चालला होता, त्याचाही तसाच. त्याला बरोबर घेतला. मी म्हटलं, पाहू तरी ह्यांचा कोण मेला."

तो गेला. कोणी कोणाकडे पाहिना. आपापल्या डोक्यावरून हात फिरवत सगळे उभे होते.

मी उतरलो. आशाबाईनं आधी मला मारलं आणि मग पोळलेल्या हातावर फुंकर घातली. संतराम वसरामला म्हणाला, "मंग तो चहा?"

"त्या शिपायानं विचारलं, खबर खरी हाय का," वसराम म्हणाला. "मी व्हय म्हटलं तर तो रडाया लागला. अंगावर तो सरकारी डगला, लोक पाहतील म्हणून मी त्याला बाकड्यावर बसवला. मंग चहा त्यानं सांगितला. मला बी रडू येऊन राह्यलं व्हतं, म्हणून बशीत तोंड घातलं."

मी पोळा उलटेपर्यंत मेलेलाच राहिलो. नंतर हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, तेव्हा जिवंत झालो. पहिलं काम म्हणून किसनरावाकडे बाभूळ मागायला गेलो, तर म्हणतो कसा, "मी ती मेलेल्या रामकिशनला देली. तो आला की घेऊन जाईल."

पण दहाव्याच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सकाळीच मी पुन्हा जांभळावर जाऊन बसलो, ह्या खेपेला चिलमीशिवाय. मला खात्री होती की वचन देणारे सगळे घरात बसतील. वसरामची बायको नीलाबाई तांड्याच्या बायकांना घेऊन आली आणि वरच्या घाटापासून थोड्या अंतरावर, घागर कमरेवर घेऊन उभी राहिली. पुढं येईना. गावच्या बायका घाटावर होत्या, त्याही हलेनात. दोन्हीकडच्या एकमेकींना जोखत होत्या, अगदी कालच्या कावळ्यांसारख्या.

गोजरबाईंनी पायरीवरची आपली घागर उचलली आणि एक पायरी बाजूला ठेवली.

"ये की," त्या म्हणाल्या. "का आता तुझ्यासाठीबी पिंड हलवू?"