फक्त तिच्यासाठी उठणारं यंत्र

सकाळचे साडेदहा वाजले होते आणि नकाशे काढणाऱ्या त्या कचेरीत एकही माणूस नकाशा काढत नव्हता. सगळे मागच्या खोलीच्या दाराशी माना उंचावून उभे होते. आत एक टेबल, एक रिकामी खुर्ची आणि एक काळा कॉम्प्युटर होता. त्या खुर्चीवर बसणारा माणूस तीन महिन्यांपूर्वी झोपेतच गेला होता. तोच या कचेरीची सगळी यंत्रं आणि तारा सांभाळायचा. त्याची बायको पुढच्या दालनात नकाशे काढायची, आणि तिला मालकापासून शिपायापर्यंत सगळे वहिनीच म्हणत.

"वहिनींना त्यांच्या जागेवर बसवा," लहरीबाबा म्हणाले. ते यंत्र आपोआप चालू होतं, म्हणून मालकाने त्यांना बोलावलं होतं. "कामाला लागू द्या त्यांना."

वहिनीने पुढे जाऊन आपला कॉम्प्युटर चालू केला. बाबांनी डोळे मिटले आणि हातातली तांब्याची काठी वर धरली. क्षणभर काहीच झालं नाही. मग मागच्या खोलीतल्या काळ्या पेटीत पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, आणि पडद्यावर मेलेल्या माणसाच्या नावापुढे एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली. कोणी बटणाला हात लावला नव्हता. दारातल्यांची बोबडी वळली.

"आत्मा म्हणजे काय? लहर!" बाबा गरजले. "शरीर म्हणजे नुसता डबा. डबा गेला, लहर राहिली. ती वायरीत अडकली आहे, कारण बाई रोज इथे येऊन तिला खेचतात. बाई इथून गेल्या तरच तो सुटेल. यंत्र मी माझ्या आश्रमात नेईन."

लहरीबाबांना भुतापासून विजेपर्यंत सगळं कळत होतं. फक्त आपली काठी नेमकी कधी वर जाते, हे कोणाला कळू नये एवढीच त्यांची इच्छा होती.

मालक वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस वाईटाइतकंच नुकसान करतो. "वहिनी, उद्यापासून नका येऊ," तो खाली बघत म्हणाला. "पोरं काम सोडून चालली आहेत. माझा नाइलाज आहे."

गर्दीत मागे मेलेल्या माणसाची धाकटी बहीण उभी होती. वहिनीने आदल्या दिवशी फोनवर रडत सगळं सांगितलं, म्हणून ती आली होती. टेलिफोन खात्यात तारा आणि कॉम्प्युटरची नेटवर्कं जोडण्यात तिची बारा वर्षं गेली होती. ती पुढे आली.

"तासभर द्या मला," ती म्हणाली. "दादाचं यंत्र आहे. नेण्याआधी मला बघू द्या."

"बघा की," बाबा हसले. "लहर दिसली तर सांगा."

सगळे चहाला गेले. वहिनीचा कॉम्प्युटर बंद करून मालकाने तिला खण आवरायला सांगितलं. धाकटी दादाच्या खुर्चीत बसली. टेबलावर त्याची टोक मोडलेली पेन्सिल होती, खुर्चीच्या पाठीला त्याच्या डोक्याचा तेलकट डाग होता. पंधरा-वीस मिनिटांत यंत्र आपोआप झोपलं; पंखा थांबला, दिवा विझला. खोली इतकी शांत झाली की तिला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. तिला खूप रडू आलं. आपण कशाला आलो आहोत हे विसरून ती हळूच म्हणाली, "दादा?"

पंखा घरघरला.

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. हिरवा दिवा, नाव, लुकलुकणारी रेघ. एक क्षण, पुरता एक क्षण, तिला ते खरं वाटलं. आणि ते खरं असावं असं फार फार वाटलं. मग ती दारापर्यंत गेली आणि तिने पुढे बघितलं. वहिनी जागेवर बसली होती. तिने कॉम्प्युटर चालू केला होता.

"शेवटचा नकाशा अर्धा राहिला होता हो वन्सं," वहिनी ओशाळून म्हणाली. "म्हटलं, पुरा करून जावं."

"तुझे नकाशे असतात कुठे?"

"यांच्या मशीनवर. बाकीच्यांचे मालकांनी नव्या मशीनवर नेले. मी माझ्या कॉम्प्युटरला कोणाला हातच लावू दिला नाही. सगळं यांनी लावून दिलेलं होतं ना."

धाकटीने कपाळाला हात लावला. मग वहिनीकडून पासवर्ड घेतला आणि दादाच्या यंत्रात शिरली.

तासाभराने सगळे पुन्हा दारात जमले, तेव्हा यंत्र झोपलेलं होतं आणि वहिनीच्या कॉम्प्युटरची काढलेली नेटवर्कची तार धाकटीच्या हातात होती.

"वहिनी, चालू कर. बाबा, धरा काठी."

पुढे कॉम्प्युटर चालू झाल्याची टिंग वाजली आणि काठी वर गेली. वरच राहिली. बाबांनी लहरीला हाक मारली, दटावलं, शेवटी विनवलं. पंखा हलला नाही.

"आता मालक, तुमच्या कॉम्प्युटरवरून या यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता टाका." मालकाने तिने दिलेल्या कागदावरचे आकडे टाकले. मागे पंखा घरघरला. धाकटी म्हणाली, "झालं! दादाचा जीव आता तुमच्यावर जडला वाटतं."

कोणीतरी खुदकन हसलं, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्या खोलीत हसू ऐकू आलं.

"ऐका," धाकटी म्हणाली. "यंत्र झोपतं, पण तार जिथे घुसते ते कार्ड एक कान उघडा ठेवतं. कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. कशाने उठायचं हे त्याला सांगून ठेवता येतं. बहुतेक लोक एका ठरावीक खुणेवरच उठायला सांगतात. दादाने सांगितलं होतं, आपल्या पत्त्यावर कोणाचंही काहीही आलं तरी ऊठ. आता या पत्त्यावर येतं कोण? एकटी वहिनी. तिचा कॉम्प्युटर चालू होतानाच नकाशे शोधायला इकडे येतो. बाबांची काठी टिंग ऐकून वर जाते. हे बघा, मी ती सेटिंग बदलली." तिने यंत्र झोपवलं, तार परत जोडली. वहिनीने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. मागची पेटी गप्प राहिली.

"पण त्याने असं का सांगून ठेवलं?" मालकाने विचारलं.

धाकटी अडखळली. यंत्र बंद होऊन चालू झालं की अशा सेटिंगी पुसल्या जातात, म्हणून दादाने ती एका फाइलीत लिहिली होती, आणि वर स्वतःसाठी एक ओळ. दोन वर्षांपूर्वीची. लपवावी असं तिला वाटलं. पण लपवालपवी हा बाबांचा धंदा होता. तिने वाचली: "मी असो-नसो, हिने हाक मारली की उठायचं."

वहिनीने पुढे होऊन ती ओळ स्वतः वाचली.

"बघा!" बाबांना जीव आला. "मी असो-नसो! काय सांगत होतो मी?"

"गप्प बसा," वहिनी म्हणाली. तिचा आवाज कोणी कधी चढलेला ऐकला नव्हता. "त्या वर्षी हे मोजणीची यंत्रं सांभाळायला बाहेर असायचे. माझा गुडघा सुजलेला. नकाशा उघडला नाही की मी लंगडत मागे येऊन बटण दाबायचे आणि फोनवर यांच्यावर ओरडायचे. एक दिवस म्हणाले, आता उठू नकोस, ते आपणच उठेल. मीच विसरले होते." ती रडत होती, पण बोलायची थांबली नाही. "हे गेलेत. मला रोज वाटायचं, मी आले हे त्यांना कळतं. नाही कळत."

बाबांनी काठी झोळीत घातली आणि ते दाराकडे सरकले. त्यांना कोणी अडवलं नाही.

"घाबरलात यात लाज नाही," धाकटी सगळ्यांना म्हणाली. "मीही घाबरले होते. पण घाबरल्यावर वायर कुठे जाते ते बघायचं होतं, आणि तुम्ही बाईला घालवायला निघालात. यंत्र का उठतं हे एकाने तरी विचारलंत का?"

वहिनीने डोळे पुसले आणि ती मालकाकडे वळली.

"मालक, ज्याला माझी इथपर्यंतची चार पावलं वाचवायची होती, तो मला कचेरीतून घालवायला सांगेल, असं वाटलंच कसं तुम्हाला?"

मालकाने खणातलं सामान स्वतःच्या हाताने परत लावायला घेतलं.