चित्राखालच्या ओळी

बोरू हे काही तिचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. कॉलेज सुटल्यावर ती इंटरनेटवर चित्रकथा टाकायला लागली, तेव्हा पानाच्या कोपऱ्यात सही हवी म्हणून तिने ते घेतलं आणि मग तेच चिकटलं. तिची चित्रकथा एका कासवाची. हे कासव एका कचेरीत मोठा साहेब होतं आणि प्रत्येक बैठकीला बैठक संपल्यावर घाम पुसत पोचायचं. दर मंगळवारी सकाळी नवं पान वेबसाइटवर चढायचं, आणि पानाखाली बोरू चार ओळी खरडायची: या आठवड्यात काय झालं, पानाला उशीर का झाला, शाई कशावर सांडली.

अशी बरीच वर्षं गेली. मग ज्या कंपनीच्या जागेवर ही वेबसाइट होती, तिने गाशा गुंडाळायचं ठरवलं, आणि बोरूला सगळं बिऱ्हाड नव्या जागी हलवणं भाग पडलं. चित्रं आपसूक गेली. खालच्या ओळी मात्र गेल्या नाहीत. त्या एकेक उचलून हाताने चिकटवाव्या लागणार होत्या. बोरूने तो नाद सोडून दिला. टेबलाचा पाय मोडला, घरमालक कुरकुरला, नाक चोंदलं, या शिळ्या बातम्यांचं आता कुणाला काय पडलंय, असा तिचा विचार.

त्या दिवसांत तिची आई तिच्याकडे राहायला आली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे पाय लांब करून बसायचं आणि लेकीच्या स्वयंपाकघरातल्या गोंधळावर बसल्या जागेवरून शेरे मारायचे, एवढाच तिचा उद्योग. एका दुपारी बोरू कासवाच्या पाठीवर हिरवा रंग चढवत होती. आई मांडीवर टॅब घेऊन बराच वेळ बोट फिरवत होती. मग तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अगं, खालचं कुठे गेलं सगळं?"

बोरूला आधी कळेचना. आई कासवाचं पान उघडून बसली होती. आईला बोरूने आजवर एवढंच सांगितलं होतं, की मी जाहिरातींसाठी चित्रं काढते. त्याला कारणही होतं. कासवाला एक आई होती, चष्मेवाली कोंबडी. ती भर बैठकीत फोन करून जेवलास का, असं विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत पुढची सूचना द्यायची. आता ही कोंबडी कुणावरून काढली, हे कुणाला वेगळं सांगायची गरज नव्हती. ते घरी कळलं तर आपली धडगत नाही, म्हणून बोरूने ही गोष्ट इतकी वर्षं झाकून ठेवली होती.

आणि आईला पहिल्यापासून माहीत होतं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. आई तेव्हा एका इस्पितळात रुग्णांची जुनी कागदपत्रं सांभाळायची. तिथल्या एक्स-रेवाल्या बाईंच्या खोलीत इंटरनेट होतं. या बाईंना कासवाचा भारी नाद. एकदा त्यांनी ती कोंबडी आईला दाखवली आणि हसत सुटल्या. आईने चष्मा ओळखला. त्यानंतर दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत आई डबा घेऊन एक्स-रेच्या खोलीत जायची. चित्रं तिला तितकीशी कळत नसत. पण खालच्या ओळी ती दोनदा वाचायची. लेक दूरच्या शहरात एकटी, फोनवर विचारावं तर "सगळं मजेत" यापलीकडे अक्षर नाही. ती खाते काय, झोपते कधी, हे आईला त्या ओळींतून कळायचं.

 बोरूला हातमोज्यांची एक जुनी जोडी आठवली. एका थंडीत तिने लिहिलं होतं, की खिडकीच्या फटीतून वारा येतो आणि ब्रश धरताना बोटं आखडतात. त्यानंतर आईचं पार्सल आलं होतं, त्यात लोकरीचे हातमोजे, बोटांची टोकं उघडी ठेवून विणलेले. माझ्या आईला न सांगता कळतं, असं बोरू तेव्हा ज्याला त्याला कौतुकाने सांगत सुटली होती. नेमकी बोटांची टोकंच कशी उघडी, हा प्रश्न तिला पडला नव्हता.

मग तिला दुसरंही आठवलं. ज्याच्याशी लग्न करायचं पक्कं होतं, तो एक दिवस सरळ निघून गेला होता. त्या मंगळवारी तिने फक्त लिहिलं होतं, "या वेळी पान नाही. काढवत नाही." दोन दिवसांनी आई पिशवी घेऊन दारात. इथे एक ओळखीची बाई आजारी आहे, तिला बघायला आले, म्हणाली. आठवडाभर राहिली, खाऊपिऊ घातलं, पडदे धुतले, एका शब्दाने काही विचारलं नाही आणि गेली.

"ती ओळखीची बाई कोण होती गं?" बोरूने विचारलं.

"तूच की."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस, वाचते म्हणून?"

आई म्हणाली, "तुला कळलं असतं तर तू खरं लिहिलं असतंस का?"

बोरूने कुंचला खाली ठेवला आणि जुनी वेबसाइट उघडली; ती बंद व्हायला अजून काही दिवस होते.

दुसऱ्या दिवसापासून दोघी कामाला लागल्या. आई जुन्या वेबसाइटवरून ओळी वाचून दाखवायची आणि बोरू त्या नव्या जागी चिकटवायची. काम अर्थातच रेंगाळायचं. बोरूची पहिली खोली एका छापखान्याच्या वर होती. यंत्र सुरू झालं की जमीन हादरायची आणि रेघ थरथरायची. ती थरथरती रेघ वाचकांना फार आवडायची, ही खास शैली आहे असं ते कळवायचे. त्या खोलीतला शाईचा आणि ओल्या कागदाचा वास, ज्याचं झाकण नीट बसावं म्हणून वर जाडजूड शब्दकोश ठेवावा लागे तो स्कॅनर, एकाच वाटीत ब्रश धुऊन पुन्हा त्याच वाटीत खाणं, सगळं त्या ओळींत होतं. बोरू ते सारं विसरली होती. आईला मात्र पाठ होतं. कुठल्या ओळीच्या वेळी एक्स-रेवाल्या बाई काय म्हणाल्या, कुठल्या ओळीनंतर रात्रभर डोळा लागला नाही, हे ती मधेमधे सांगायची. त्यामुळे एकेका मंगळवारच्या दोन बाजू झाल्या. एका जागी बोरूने लिहिलं होतं, की दूध उतू गेलं आणि आईची आठवण आली. ती ओळ आईने दोनदा वाचून दाखवली. 

ओळी संपल्या तोवर आई काठीशिवाय चालायला लागली होती. तिला आता स्वतःच्या घराची ओढ लागली होती. ती गेली.

पुढच्या मंगळवारी पान चढवून बोरू खालच्या ओळी लिहायला बसली. कोण वाचणार आहे, हे तिला पहिल्यांदाच ठाऊक होतं. हात अडला. "सगळं मजेत" असं तिने लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं, "आज सवयीने दोघींचा चहा टाकला. उरलेला परत गरम करून मीच प्यायले. चांगला लागला नाही."

दुपारी आईचा फोन आला. तिने गुडघ्याचं सांगितलं, शेजारणीचं सांगितलं. पानाविषयी अवाक्षर काढलं नाही, आणि बोरूनेही विचारलं नाही. पण त्या दिवशी दोघींपैकी कुणालाच फोन ठेवायची घाई नव्हती.