पाणी देऊ नका

साधना अमरावतीला शरीरक्रियाशास्त्रात संशोधन करत होती. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी किती जातं आणि त्याचं शरीर ते कसं सोसतं, हा तिचा विषय. त्यासाठी तिला परक्या गावी जावं लागलं नाही. तिच्याच गावी, केनवडला, वडिलांच्या म्हणजे जगदेवरावांच्या शेतात एप्रिलात हळद शिजायची. वरून ऊन, समोरून हळद शिजवायच्या मोठ्या कुकरची वाफ, अशा कचाट्यात मजूर दिवस काढायचे. काम सुरू होण्याआधी साधना प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं करी, दुपारी पुन्हा उभं करी, आणि बजावून सांगे, "तहान लागायची वाट पाहू नका. पानी पीत राहा."

हे सगळ्यात मनावर घेतलं किसनसिंगनं. तो अनसिंगकडच्या तांड्यावरचा. दर हंगामाला बायको बेबीबाईला घेऊन यायचा आणि कुकर त्याच्याच हातात असायचा. साधना शिकलेली, तिचा शब्द त्याला मोठा. त्या दिवशी वाफेनं जेवणावरची वासना उडाली म्हणून त्यानं भाकरीला हात लावला नाही. नुसतं पाणी पीत राहिला. तांब्यामागून तांबे.

दुपारी काट्यावर त्याचं वजन सकाळपेक्षा जास्त भरलं. घाम गाळणाऱ्याचं वजन वाढेल कसं? काटा ढेकळावर तिरपा झाला असेल, असं म्हणून साधनानं तो सरळ केला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

थोड्या वेळानं किसनसिंगनं डोकं धरलं. मग भडाभडा ओकला. कोणी सावलीत नेऊन बसवला, तर तो जगदेवरावांकडे बघून भलत्याच नावानं हाका मारू लागला.

"ऊन लागलं बाप्पा!" बेबीबाई तांब्या घेऊन धावली. "पानी पाजा त्याले!"

साधनानं त्याच्या कपाळाला हात लावला. अंग तापलेलं नव्हतं. थर्मामीटर काखेत धरला, तोही तेच म्हणाला. तिची नजर त्याच्या हाताकडे गेली. बोटं टम्म फुगली होती. चांदीचं कडं मनगटात रुतलं होतं. आणि तिला दुपारचा काटा आठवला. काटा बरोबर होता.

घामावाटे मीठ गेलं होतं, पोटात अन्न नव्हतं, वरून नुसतं पाणी. रक्त पातळ झालं की पेशी पाणी ओढतात आणि फुगतात. साध्या पाण्यात टाकलेल्या तांबड्या पेशी फुगून फुटताना तिनं सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या होत्या. मेंदूच्या पेशींना तर कवटीत फुगायला जागाही नसते.

"पानी देऊ नका!" ती ओरडली.

बेबीबाईचा हात थबकला. "काय म्हनलीस?"

"एक घोटही नको, काकू. पान्यानंच झालं हे."

"सकाळी तूच तं म्हने पानी प्या, पानी प्या! आता मानूस मरून राह्यला तं पानी नको म्हनतेस?"

साधना डॉक्टर नव्हती. चुकली असती तर तहानलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी तिनंच काढून घेतलं असतं. बेबीबाई तांब्या किसनसिंगच्या ओठाला लावणार, तोच साधनानं तो हिसकावला. पाणी मातीत सांडलं. मजुरांमधून संतापाची कुजबुज उठली. जगदेवरावांनी लेकीकडे पाहिलं.

"तुले पक्कं माहीत हाय?"

"नाही बाबा. पन तसंच वाटते. गाडी काढा."

पिकअपमध्ये त्याला कुशीवर निजवलं. रिसोडच्या रस्त्यावर त्याचे हातपाय ताठ झाले, दात आवळले, सगळं अंग झटके देऊ लागलं. बेबीबाईनं नवऱ्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. ती रडत नव्हती, साधनाकडे टक लावून पाहत होती. ती नजर साधनाला सोसवेना, पण तिनं मान वळवली नाही. त्याचा श्वास चालतोय ना, एवढंच ती पाहत राहिली.

रिसोडच्या दवाखान्यात डॉक्टर वर्षाराणींनी आधी झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं. "उन्हातला माणूस आहे, सलाईन लावते," त्या म्हणाल्या.

"मॅडम, आधी रक्तातलं सोडियम पाहता का? सकाळपासून पाणीच पितो आहे. वजन वाढलंय त्याचं."

"वाढलंय? कशावरून?"

"मी केलंय वजन."

डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, हातातली बाटली खाली ठेवली आणि रक्त काढून घेतलं. अहवाल येईपर्यंत साधना भिंतीला पाठ लावून उभी होती. बेबीबाई पलंगाच्या दुसऱ्या बाजूला. मध्ये किसनसिंग घरघरत होता.

डॉक्टर कागद घेऊन आल्या. "सोडियम फारच खाली गेलंय. दाट मिठाचं सलाईन लावते, मोजून. एकदम चढवलं तर तेही मेंदूला झेपत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनसिंगनं डोळे उघडले आणि बायकोला विचारलं, "कुकर कोनं उतरवला?"

बेबीबाई तोंडाला पदर लावून बाहेर आली. व्हरांड्यात साधना बसली होती.

"काकू, हे माह्या सांगन्यानं झालं," साधना म्हणाली. "पानी प्या म्हनलं, पन त्याच्यासंगं मीठ, जेवन पाहिजे, हे सांगतलंच नाही. काट्यानं दाखवलं, तं मीच काट्यावर भरोसा नाही ठेवला."

बेबीबाईचा राग गेला नव्हता, पण काल गाडीत होता तसाही नव्हता. ती म्हणाली, "मले सांगून काय होते? तिकडं वावरात बाकीचे हायेत. तूच सांगतलं होतं, आता तूच जाऊन सांग."

साधनानं अमरावतीला फोन करून मार्गदर्शक सरांना सगळं कळवलं. मोजमाप थांबवत असल्याचंही सांगितलं. मग केनवडला गेली. मजुरांसमोर उभं राहून तिनं आपली चूक सांगितली, एकही शब्द न गाळता. मग मागून चंदा नावाची बाई उठली.

"मंग ताई, आता पानी प्यावं का नाही?"

"प्या, चंदाताई. तहान लागली की प्या. पन बळजबरीनं ढोसू नका. भाकर चुकवू नका, संगं मीठ टाकलेलं ताक घ्या. डोकं दुखलं, मळमळलं, बोटं फुगली, तं काम सोडून मले हाक मारा."

"अन् तू नसली तं?"

साधना खाली मातीत बसली आणि चंदाला जवळ बोलावून, फुगलेलं बोट कसं ओळखायचं, ते तिच्याच हातावर दाखवू लागली.