मधली वर्षं

"क्लच. क्लच दाबा. अहो, तो ब्रेक झाला!"

गाडी आचका देऊन बंद पडली. मागच्या ट्रकने भोंगा ताणून धरला. गाडी शिकायला आलेल्या एका शाळेतल्या शिक्षिका स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लटकल्यासारख्या बसल्या होत्या.

"वाजवू दे त्याला. तो काय आईच्या पोटातून शिकून आलाय?" शेजारच्या सीटवरून ब्रेकबाई म्हणाल्या. "न्यूट्रल करा. चावी फिरवा. हं. आता हळूच त्या पेट्रोल पंपात घ्या."

"पण पेट्रोल तर आहे की."

"मला आत जाऊन यायचंय."

शिक्षिकांनी गाडी पंपाच्या कडेला कशीबशी उभी केली. बाई उतरल्या आणि झपाझप मागच्या बाजूला गेल्या.

ब्रेकबाई हे नाव त्यांना शिकायला येणाऱ्या बायकांनीच ठेवलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या छोट्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक होता आणि बाईंचा उजवा पाय कायम त्याच्यावर असायचा. शहरातल्या कितीतरी बायका त्या पायाच्या भरवशावर गाडी शिकल्या होत्या. कुणी गाडी दुभाजकावर चढवली, कुणी भाजीच्या दुकानात घुसवायला निघाली, पण बाई कधी ओरडल्या नाहीत. गाडी थांबायची आणि त्या म्हणायच्या, "बरं, आता हे परत करू."

पंपाच्या त्या ओलसर संडासात बाईंनी खाली पाहिलं. पुन्हा लाल. या वेळी फिक्कट नव्हतं. गडद होतं, आणि त्यात काळपट गाठ होती. त्यांनी बादलीतलं पाणी ओतलं, आणखी ओतलं, हात धुतले, तोंडावर पाणी मारलं. आरशात पाहून केस सारखे केले आणि बाहेर आल्या.

"चला. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घ्यायचं आज."

वळणावर एक सायकलवाला आडवा आला. शिक्षिका किंचाळल्या. बाईंनी ब्रेक दाबला, पण क्षणभर उशिरा. गाडी सायकलच्या मागच्या चाकाला चाटून थांबली. सायकलवाला एका पायावर तोल सावरत उभा राहिला आणि तोंडाला येईल ते बोलून निघून गेला.

"माझीच चूक," शिक्षिका रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"नाही," बाई म्हणाल्या. "माझी."

त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. मुलगी पुढच्या आठवड्यात नोकरीवर रुजू व्हायला दूरच्या शहरात जाणार होती. ती एकदा गाडीत बसून गेली, की मग बघू. तोवर कुणाला कळता कामा नये, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

ते ठरवलेलं मोडलं एका साध्या कारणाने. इमारतीच्या नळाचं काम निघालं आणि दुपारभर पाणी गेलं. बाईंनी साखळी ओढली, टाकीतून नुसती हवा आली. बादलीही रिकामी. पाणी आणायला म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या, तेवढ्यात मुलगी संडासात शिरली.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, हे काय आहे?"

"कुठे काय?"

"आई."

"बीट खाल्लं होतं सकाळी."

"आपल्या घरात बीट कोण आणतं? तू तर वासानं नाक मुरडतेस." मुलीचा आवाज चढला. "कधीपासून चाललंय हे?"

खिडकीपाशी बाबा चष्म्याची दांडी दुरुस्त करत बसले होते. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करत. मोजकं बोलायचे आणि तेही काचेकडे बघत. त्यांनी हातातला बारीक पेचकस खाली ठेवला.

"रक्त आहे?" त्यांनी विचारलं.

बाई भरलेलं पातेलं तसंच हातात धरून उभ्या राहिल्या.

"म्हणजे आलंच ते," बाबा म्हणाले.

"काय आलं?" मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "बाबा, काय आलं? तुम्हांला काय माहितीये, जे मला नाही?"

मुलगी लहान असताना आईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता, किरणांचा शेक दिला आणि आई बरी झाली, एवढं तिला माहीत होतं. घरात तो विषय जिंकलेल्या सामन्यासारखा निघायचा. पाहुण्यांना सांगायचं, हसायचं आणि पुढचा चहा ठेवायचा.

"बस," बाई म्हणाल्या. स्वतःही बसल्या. "तेव्हा जे म्हातारे डॉक्टर होते ना, त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. हा शेक रोगाला जाळेल. पण शेजारीच लघवीची पिशवी आहे, मागे आतडं आहे. थोडे किरण त्यांच्यातूनही जाणार. फार जणींना होत नाही, पण काही जणींना पंधरा-वीस वर्षांनी तिथे दुसरा कॅन्सर निघू शकतो."

"आणि तू हो म्हणालीस?"

"मी यांना विचारलं, वीस वर्षांनी पोरगी केवढी असेल हो? हे म्हणाले, तेवीस. मी म्हटलं, द्या मग."

मुलगी समोरच्या खुर्चीत बसली.

"तू तीन वर्षांची होतीस. तुला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. वीस वर्षं म्हणजे मला घबाड मिळाल्यासारखं वाटलं गं. फुकटात."

"फुकटात?" मुलगी उठून उभी राहिली. "आणि मग तपासणी? दरवर्षी जायचं नाही का? तुम्हांला माहीत होतं, दोघांनाही माहीत होतं, आणि तुम्ही निवांत बसलात?"

"आधी जात होतो," बाबा हळूच म्हणाले. "मग ते डॉक्टर निवृत्त झाले. नवे म्हणाले, तुम्ही सुटलात."

"सुटलात म्हणाले तेव्हा इतकं बरं वाटलं," बाई म्हणाल्या, "की परत त्या दारात पाऊल टाकावंसं वाटेना."

"आणि आता? रक्त पडतंय आणि बीट? माझ्या जाण्याची वाट बघत होतीस, हो ना?"

बाईंनी मान खाली घातली. मुलगी रडेल असं वाटलं होतं, पण ती फोन घेऊन गॅलरीत गेली आणि मोठ्या आवाजात कुणाकडून तरी उद्याची वेळ मागू लागली.

लघवीच्या पिशवीत दुर्बीण घालून तपासणी बाईंच्या डोळ्यांदेखत झाली. जागा बधिर केली होती, शुद्ध होती, आणि शेजारी पडदा होता. डॉक्टरीणबाई वयाने मुलीहून थोड्याच मोठ्या असतील. सुरुवातीला त्या बोलत होत्या. ही भिंत बघा, इथे रक्तवाहिन्या नाजूक झाल्यात, शेकानंतर होतं असं, कधीकधी नुसत्या यांच्यातूनच रक्त येतं. बाईंना धीर आला. नुसतं तेवढंच असेल. पडद्यावर गुलाबी भिंत सरकत होती.

मग डॉक्टरीणबाई बोलायच्या थांबल्या.

पडद्याच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं, पाण्याखालच्या शेवाळासारखं. दुर्बीण तिथे थांबली, जवळ गेली, बाजूने फिरून पुन्हा तिथेच आली. खोलीत फक्त यंत्राची घरघर होती. इतकी वर्षं बाईंनी गाडीत बसून शिकणारीचा श्वास ऐकला होता. श्वास अडकला, की पुढे काहीतरी आहे हे त्यांना न बघता कळायचं. डॉक्टरीणबाईंचा श्वास अडकला होता.

"सांगा," बाई म्हणाल्या.

"तुकडा तपासायला पाठवते. मग सांगते."

"तुम्हांला आत्ताच कळलंय."

"कळलंय असं वाटतंय. पण वाटण्यावर तुमचं काही कापायचं नाही मला."

निकाल येईपर्यंत घरात तिघं एकमेकांशी फार सभ्यपणे वागले. मीठ द्या, पंखा बंद करू का, आधी तुम्ही जा. बाबांनी दुकानात एक काच उलटी बसवली आणि गिऱ्हाईक भांडून गेलं. मुलीने हवामान खात्यातल्या त्या नोकरीवर उशिरा रुजू होण्याची परवानगी मागितली. बाई म्हणाल्या, "अगं, तुझ्यावाचून तिकडचा पाऊस अडलाय." मुलगी म्हणाली, "तू गप्प बस, आई." आयुष्यात पहिल्यांदाच ती आईला असं म्हणाली आणि बाई खरोखर गप्प बसल्या.

निकालाच्या दिवशी तिघंही आत गेले.

"जुनं परत आलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा नवा आजार आहे, मूत्राशयाचा. भिंतीच्या स्नायूत गेलाय, पण बाहेर पसरलेला दिसत नाही."

"शेकामुळे?" मुलीने विचारलं.

"तसं असू शकतं. शेक न घेतलेल्यांनाही हा होतो, त्यामुळे बोट दाखवून सांगता येत नाही. शेकानंतर त्याची शक्यता वाढते, आणि वर्षं जातात तशी ती संपत नाही. तरी बहुतेकींना होत नाही."

"मला झालं," बाई म्हणाल्या.

"हो. तुम्हांला झालं."

त्यांनी गोड बोलून ते गुंडाळलं नाही, याचं बाईंना बरं वाटलं.

"परत शेक?"

"तिथे एकदा पुरेपूर देऊन झालाय. पुन्हा द्यायचा म्हणजे उरलेलं निरोगी मांसही जाईल. मूत्राशय काढावं लागेल. लघवीसाठी पोटावर वाट करू, तिथे बाहेरून पिशवी लावायची. कायमची."

मुलगी टेबलाकडे बघत राहिली. बाईंनी विचारलं, "सीटबेल्ट लावता येईल?"

डॉक्टरीणबाईंना क्षणभर कळलंच नाही. "काय?"

"गाडीत बसायचं काम आहे माझं. पट्टा पोटावरून जातो."

"जागा आधी खूण करून ठरवतात. तसं सांगून ठेवू आपण. बसायला लावून, पट्टा कुठून जातो ते बघून खूण करू."

"मग करा," बाई म्हणाल्या. आवाज स्थिर होता. मात्र उठताना त्यांना दाराची मूठ सापडेना. मुलीने दार उघडलं.

शस्त्रक्रिया लांबली. बाहेरच्या बाकावर बाप-लेक शेजारी बसले होते. मध्येच मुलगी म्हणाली, "बाबा, तेव्हा तुम्हांला भीती नाही वाटली, तेवीस म्हणताना?" बाबा चष्मा पुसू लागले. म्हणाले, "मी बेरीज केली फक्त. भीती वाटायला जागाच नव्हती. तू मांडीवर होतीस, आणि तुला भूक लागली होती."

बाई त्यातून निभावल्या. अशक्तपणा आला, ताप आला, टाके ओढले. पहिल्यांदा पोटाकडे पाहिलं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पिशवी एकदा सुटली, अंथरूण भिजलं, तेव्हा त्या मुलीवर ओरडल्या. कधी न ओरडणारी बाई इतकी ओरडली, की शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. मुलीने चादर बदलली. पुढे बाबांनी एक काम स्वतःकडे घेतलं. पिशवीच्या, पोटाला चिकटणाऱ्या चकतीला मापाचं भोक कापायचं असतं. काचा घासणारा हात होता. ते बारीक कात्रीने असं गोल कापायचे, की पिशवी त्यानंतर कधी सुटली नाही.

काही आठवड्यांनी त्या टाके आणि पिशवी दाखवायला दवाखान्यात आल्या. तपासणी झाली. मुलगी औषधं घ्यायला रांगेत उभी राहिली आणि बाई कॉरिडॉरमधल्या बाकावर टेकल्या.

शेजारी एक तरुण बाई बसली होती. नखांजवळची कातडी कुरतडत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मघाशी नर्सबाई बोलत होत्या ते ऐकू आलं मला. तुम्हांला पूर्वी शेक दिला होता ना? खालचा?"

"हो."

"मलाही तोच द्यायचाय. आज त्याच्यासाठी अंगावर खुणा करणार आहेत." तिने मान वळवली. "आणि त्याच्यामुळेच तुम्हांला हे झालं? हे पिशवीचं?"

बाईंना नाही म्हणता आलं असतं. त्या तरुण बाईला तेच हवं होतं, तिचे डोळेच तसे होते.

"नक्की कुणी सांगत नाही," बाई म्हणाल्या. "पण त्याच्यामुळेच असावं, असं मला वाटतं."

तरुण बाई एकदम उठली. "मग मी नाही घेत. घरी जाते. दुसरं काहीतरी औषध असेल."

"बसा."

"नाही, खरंच, मला हे..."

"बसा म्हणते ना." गाडीत वापरायच्या तो आवाज. ती बसली. "मूल आहे?"

"मुलगा आहे. यांच्याकडे ठेवून आलेय."

"केवढा?"

"चालायला लागलाय नुकताच. पडतो अजून."

बाईंनी कॉरिडॉरच्या टोकाकडे बोट केलं. औषधांच्या खिडकीशी निळ्या कुडत्यातली उंच मुलगी हुज्जत घालत होती. खिडकीतल्या माणसाने कुठलीशी बाटली चुकीची दिली होती आणि ती त्याला सोडत नव्हती.

"ती माझी," बाई म्हणाल्या. "मी शेक घेतला तेव्हा तिला बुटाची नाडी बांधता येत नव्हती."

तरुण बाई बघत राहिली.

"मला आज कुणी परत विचारलं तरी मी घेईन. हे सगळं होणार आहे असं सांगून विचारलं, तरी. फक्त एक करा. बरं वाटलं म्हणून यायचं थांबवू नका. मी थांबवलं. लघवीला, संडासला रक्त दिसलं, नुसता थेंब दिसला, तरी त्याच दिवशी या. लाजू नका, कुणाच्या जाण्या-येण्याची वाट बघू नका."

"तुम्हांला दुखतं का हो?"

"दुखतं. दुखत नाही असं नाही."

आतून हाक आली. तरुण बाई उभी राहिली, दोन पावलं गेली, परत फिरली. "आत काही नेऊ देत नाहीत. माझी पर्स धराल?"

बाईंनी पर्स घेऊन मांडीवर ठेवली, पोटाला लागणार नाही अशी. तिच्या फाटक्या कप्प्यातून लोकरीचा एवढासा मोजा बाहेर आला होता. त्यांनी तो आत सारला आणि चेन लावली.

मुलगी औषधं घेऊन आली. "चल आई, खाली टॅक्सी थांबलीये. ही कुणाची पर्स?"

"येईल ती आत्ता."

"कोण?"

"टॅक्सीला जाऊ दे," बाई म्हणाल्या आणि मुलीसाठी बाकावर सरकून जागा केली. "दुसरी करू."