दादाने न वाचलेलं गाणं

माझा दादा संगीतकार. चाल आधी बांधतो, तालीम सगळी 'ता ना ना'वर करतो आणि शब्द थेट कार्यक्रमात, समोर कागद ठेवून गातो. "लोक चाल ऐकतात गं," असं त्याचं म्हणणं. "शब्द काय, कुणीही लिहील."

कुणीही म्हणजे मी. वीस वर्षं.

एक गाणं मात्र त्याच्यासाठी नव्हतं. माझा नवरा गेला त्या आठवड्यात मी ते लिहिलं आणि उशाखाली ठेवलं. भेटायला आलेल्या दादाने ते उचललं, चाल लावली आणि गीतकार म्हणून स्वतःचं नाव छापलं. जाब विचारला तर म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेतेस? गाजलं ते चालीमुळे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग त्याचा सत्कार ठरला. त्यासाठी त्याने नवी चाल दिली. मी शब्द लिहिले, तेही चांगल्या ठळक अक्षरात, चष्म्याशिवाय दिसावेत म्हणून. एवढी माझी माया! कागदाची घडी न उघडताच तो म्हणाला, "झकास."

सभागृह खच्चून भरलं होतं. दादाने कागद पेटीवर ठेवला आणि गोड गळ्याने सुरू केलं:

"ओठांवर मी मिरवले ते शब्द माझे नव्हते,
बहिणीच्या उशाखालून मी चोरून नेले होते."

माना डोलत होत्या. त्याचीही डोलत होती. पठ्ठ्याने 'चोरून'वर अशी सुरेख हरकत घेतली की मीच दाद दिली! माझ्या शेजारी बसलेल्या वहिनीचा मांडीवरचा ताल तेवढा थांबला.

गाणं संपलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनी उठून स्टेजपाशी गेली.

"अहो, काय गायलात ते एकदा वाचा."

त्याने वाचलं. चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी डोळे भरून पाहून घेतलं. घाईघाईने तो कागद पेटीखाली सरकवायला लागला. लोकांना पत्ताच नव्हता. त्यांना चाल आवडली होती. तिथे दादाचंच खरं ठरलं.

मी उभी राहिले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "वन्समोअर!"

सगळं सभागृह ओरडायला लागलं. वादकांनी सुरुवात केलीसुद्धा. दादाने माझ्याकडे पाहून हात जोडले. मी टाळ्या वाजवत राहिले. तो गायला लागला, आणि या वेळी प्रत्येक शब्द त्याला ऐकू येत होता.