मन्सूरचा चिनी चहा

राजिवडा बंदराच्या वरच्या आळीत गोदूबाई राहायची, धाकटा भाऊ आप्पा आणि त्याची बायको जनी यांच्यासोबत. ती लवकर विधवा झाली आणि माहेरी परतली. सासूकडून शिकलेला पोटाचा काढा तेवढा सोबत आला. सुंठ, मिरी, ओवा, वावडिंग आणि कुड्याची साल. कोणाला अपचन होवो, मुरडा होवो, लग्नात जास्त जेवण होवो, लोक आधी गोदूबाईच्या पडवीत येत. वीस वर्षं असंच चाललं होतं. पैसे ती घेत नसे. लोक येतात, हेच तिला पुरे होतं.

सन बत्तीसच्या उन्हाळ्यात खालच्या आळीतला मन्सूर घरी आला. तो आगबोटीवर आगवाला होता, भट्टीत कोळसा ओढायचा. व्यापार मंदावल्यामुळे बोटी उभ्या होत्या आणि त्याला वर्षभर काम मिळणार नव्हतं. दोन सालांपूर्वी त्याचं पोट इतकं बिघडलं की बोटीने त्याला हाँगकाँगला उतरवून ठेवलं. तिथे बंदराजवळ एक म्हातारा चिनी पाल्यामुळांचे चहा उकळून विकायचा. त्याने मन्सूरच्या दोन्ही हातांच्या नाड्या बघितल्या, जीभ बघितली आणि दीड महिना रोज चहा पाजून त्याला उभा केला. मन्सूर रिकामा बसणारा माणूस नव्हता. म्हाताऱ्याची लाकडं फोडता फोडता तो काय कशात घालतात ते शिकला, आणि यंदा येताना पत्र्याचे चार डबे भरून घेऊन आला.

पहिल्यांदा त्याच्याकडे गेला तो भागोजी तांडेल. त्याचं पोट कायम तट्ट फुगलेलं असायचं. गोदूबाईच्या काढ्याने त्याला चार दिवस बरं वाटे, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मन्सूरने त्याला जीभ दाखवायला सांगितली. जिभेवर पांढरा जाड थर होता. मग त्याने जुनी वाळलेली संत्र्याची साल, थोडं आलं आणि बोरासारख्या आंबट फळाच्या सुक्या लाल चकत्या यांची पुडी बांधून दिली. हिंदूंच्या घरी अडचण नको म्हणून तो कोरडी पुडीच द्यायचा, चहा ज्याने त्याने आपल्या चुलीवर करायचा. पंधरा दिवसांत भागोजीचं पोट उतरलं, आणि तो हे बंदरावर सगळ्यांना सांगत सुटला.

गोदूबाईला पडवीतून खालची वाट दिसायची. कोण कोण उतरतं ते ती बघू लागली. शेजारचा महिपत गेला. हौसा गेली, जिला दोन्ही बाळंतपणांत गोदूबाईनेच काढा दिला होता. वर येताना हौसा पदराखाली काहीतरी लपवून, मान खाली घालून गेली. चिडून बोलली असती तर गोदूबाईला चाललं असतं. ते लपवणं तिला जास्त लागलं.

शेवटी ती स्वतःच खाली गेली. मन्सूरने उठून तिला पाट दिला, डबे उघडून दाखवले आणि म्हणाला की पोटाचं तिला त्याच्यापेक्षा जास्त कळतं, तिने वास घेऊन सांगावं. एका डब्यात शेवंतीसारखी बारीक सुकी फुलं होती. ज्याची जीभ लाल आणि पोटात आग, त्याला आलं-सुंठ द्यायची नाही, ही फुलं आणि भाजलेले सातू द्यायचे, असं तो म्हाताऱ्याकडून ऐकलेलं सांगत होता. तिला ते पटलं. तिच्या काढ्याने काही जणांची छाती जळते हे तिला ठाऊक होतं, आणि त्यावर तिच्याकडे काही नव्हतं. पटलं म्हणूनच तिचा जळफळाट झाला. हे नवं ज्ञान कोळसा ओढणाऱ्याच्या हाती यावं, आणि तिच्या नाही?

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिने सांगितलं की मन्सूरच्या डब्यात वाळवलेल्या पाली आहेत, कुटून पुडीत घालतात, तिने डोळ्यांनी बघितल्या.

आठ दिवसांत खालची वाट ओस पडली. मुसलमानांच्या घरांतूनही पुड्या फेकून दिल्या. मन्सूर कोणाशी भांडला नाही. लोक पुन्हा पडवीत येऊ लागले आणि गोदूबाईला महिनाभर फार बरं वाटलं.

श्रावणात जनी आजारी पडली. खाल्लेलं आंबट होऊन उलटायचं, पोटात आग व्हायची. गोदूबाईने तिला दिवसातून दोन वेळा काढा पाजला, मग तीन वेळा. तिसऱ्या दिवशी जनीला पेजही पोटात ठरेना. तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "वन्सं, काढा नको. मला तो कधीच सोसला नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून पीत होते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मन्सूरची बायको खतिजा तिला फुलांची पुडी द्यायची. त्यावर ती दोन महिने ठणठणीत होती. पालींचं ऐकलं आणि सोडलं.

गोदूबाईच्या मनात आधी जे आलं ते काळजीचं नव्हतं. माझ्याच घरात, माझ्याच चुलीवर, एवढंच आलं. मग जनीचे खोल गेलेले डोळे दिसले. ती उठली, इरलं घेतलं आणि भर पावसात खाली गेली.

मन्सूर पडवीत जाळं विणत होता. तिने जनीचं सांगितलं आणि उभ्यानेच म्हणाली, "पालींचं मी उठवलं. मी काही बघितलं नव्हतं."

"माहीत होतं मला," मन्सूर म्हणाला. "डबे बघून गेलेली तूच एक होतीस, बाय."

"मग बोलला का नाहीस?"

"माझं कोण ऐकणार होतं? तुझा शब्द वीस वर्षांचा."

त्याने डबे आणले. कोणी न्यायला आलं नाही, पाऊस लागला, आणि सगळ्यावर हिरवी बुरशी चढली होती. फुलांचाही डबा गेला होता. तेवढ्यात खतिजा आतून काचेची बरणी घेऊन आली. स्वतःसाठी मेण लावून ठेवलेली मूठभर फुलं त्यात होती. तिने ती जनीसाठी कागदात बांधली. पुडी मात्र तिने मन्सूरच्या हाती दिली आणि गोदूबाईकडे न बघता आत गेली.

सुंठ बंद, सातू भाजून त्यांचं पाणी, आणि चिमूट चिमूट फुलं. जनी तीन आठवड्यांनी चुलीपाशी बसली. आप्पाचं म्हणणं पडलं की झालं ते घरात राहू दे. पण गोदूबाई विहिरीवर गेली आणि बायका जमल्यावर तिने सांगितलं की पाली नव्हत्या, ती खोटं बोलली होती. हौसाने घागर उचलली आणि निघून गेली. पुढचे कित्येक महिने पडवीत कोणी आलं नाही.

पुढच्या साली मन्सूर बोटीवर गेला आणि नवे डबे घेऊन आला. लोक खाली जाऊ लागले. गोदूबाईकडे कोणी जळजळ घेऊन आलं की तीही त्याला मन्सूरकडे पाठवायची. पाठवताना तिचा आवाज नीट असे. पण माणूस वळणाआड होईपर्यंत ती पडवीतून हलत नसे, आणि तो हसत परत आला की तिला अजूनही लागायचं.